कॅल्क्युलेटरमधलं भुयार

शाळेत त्यांना सगळे डस्टरबाई म्हणायचे. परीक्षेआधी वर्गातल्या एकूण एक कॅल्क्युलेटरची मेमरी साफ झाल्याशिवाय त्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडत नसत, म्हणून हे नाव. आलेख काढणारे ते जाडजूड कॅल्क्युलेटर. त्यांच्या पोटात पोरं सूत्रंच काय, अख्खं पुस्तक कोंबून आणतील. आणि बाई काही दुधखुळ्या नव्हत्या.

त्या मंगळवारी त्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीचा कॅल्क्युलेटर जप्त केला. वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा. पाच मिनिटांच्या गणिताला तिला वीस मिनिटं लागत, आणि त्रिकोणमितीत तर शंभरापैकी अठरा मिळवून तिने कमालच केली होती.

"काय चाललंय?"

"काही नाही, बाई."

"काहीच नाही ना? मग दे इकडे."

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून बाईंनी तो सुरू केला. पडद्यावर आलेख नव्हताच. ठिपक्याठिपक्यांच्या भिंती, मधून जाणारा बोळ, आणि खाली मधोमध बंदुकीचं टोक. बाईंनी बाणाची कळ दाबली तशा भिंती जवळ आल्या. अगंबाई! आणखी दाबली. कोपऱ्यावरून शिंगं असलेलं काहीतरी लटपटत आलं, पडदा काळा झाला.

"अहो मास्तर, मी मेले," बाई मोठ्यांदा म्हणाल्या.

भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "मग पाचवा तास कोण घेणार?"

बाईंच्या धाकट्या भावाने असल्याच भुयारांत गोळ्या झाडत कॉलेजचं अख्खं वर्ष घालवलं होतं. पण तो संगणक टेबलभर पसरलेला होता. या तळहाताएवढ्या डबड्यात भुयार मावलं कसं? बाईंना आता चैन पडेना. त्या आणखी सात वेळा मेल्या. आठव्या वेळी राक्षसाकडे त्यांचं लक्षच नव्हतं, कारण समोरची सरळ भिंत मधे फुगलेली दिसत होती, आणि ती का फुगावी हेच त्यांना उमजत नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी गोगलगायीला थांबवून घेतलं. पोरगी रडायच्या बेतात होती.

"हा गेम कुणी बनवला?"

"मीच. दोन वर्षं झाली करतेय."

"भिंत जवळची आहे की लांबची, हे यंत्राला कळतं कसं?"

पोरीने मान वर केली. आजवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. "पडद्याच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी मी एक किरण सोडते, बाई. तो भिंतीला आपटेपर्यंत पावलं मोजायची. कमी पावलं तर रेघ उंच, जास्त पावलं तर बुटकी. बस, एवढंच."

"एवढंच म्हणे! आणि मग भिंत फुगते कशाने?"

"तेच तर कळत नाही ना. सहा महिने डोकं फोडतेय."

बाईंनी खडू उचलला. एक डोळा काढला, समोर सरळ भिंत, एक किरण नाकासमोर, दुसरा तिरका. दोघी फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग बाईंनीच कपाळावर हात मारला. तिरक्या किरणाला जास्त चालावं लागतं! म्हणून कडेची भिंत उगाच बुटकी होते आणि मधली फुगलेली वाटते. "तुला तिरकं अंतर नकोय गं, सरळ अंतर हवंय. मग त्याला कशाने गुणशील?"

पोरगी त्रिकोणाकडे बघत राहिली. "कोसाइन," ती अगदी हळू म्हणाली. मग ओरडलीच, "कोसाइन, बाई!"

तिने तिथल्या तिथे एक ओळ बदलली. भिंत सरळ झाली. बाईंना इतका आनंद झाला, की आपण हिला शिक्षा करायला थांबवलं होतं हे त्या साफ विसरल्या.

"याची नक्कल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही कुठेच. कॅल्क्युलेटर जिन्यावरून पडला तेव्हा वायर लावायचं भोक तुटलं. वहीत उतरवायचा तर चौदाशे ओळी आहेत. परीक्षा तर सोमवारी, अभ्यास कधी करू?"

सोमवारी मेमरी साफ करायची होती, आणि ती झाली की नाही हे बघायला बाईच येणार होत्या. दुसऱ्याचा कॅल्क्युलेटर घ्यायचीही सोय नव्हती. प्रत्येकाच्या यंत्राचा नंबर हजेरीपत्रकात आधीच लिहिलेला असे. बाईंनी नियम कधी वाकवला नव्हता. पण या वेळी तो वाकवावासा वाटला, हे खरं.

सोमवारी सभागृहात बाई बाकाबाकापाशी फिरू लागल्या. पद्धत ठरलेली: मुलांनी स्वतः मेमरी साफ करायची, 'मेमरी साफ झाली' हा संदेश बाईंना दाखवायचा, आणि बाईंनी नावापुढे सही करायची.

गोगलगायीने कॅल्क्युलेटर पुढे धरला. 'मेमरी साफ झाली.' अक्षरं जिथल्या तिथे, कळ दाबली तरी तीच. बाई सही करणार तोच थबकल्या. खरी मेमरी साफ झाली की पडद्याची सगळी सेटिंग मूळ पदावर येते आणि अक्षरं फिकी पडतात. आत्ताच चाळीस फिके पडदे बघून त्यांचे डोळे शिणले होते. हा पडदा मात्र काळाकुळकुळीत होता.

पोरीने खोटा संदेश दाखवणारा प्रोग्राम लिहिला होता! एवढी हुशार कार्टी, आणि पडद्याचा काळेपणा तेवढा विसरली. याला शिक्षा एकच होती, परीक्षेतून बाहेर. बाईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

त्या वाकून म्हणाल्या, "पडदा फिका पडतो गं."

पोरीचा चेहरा पांढराफटक झाला.

"मी अजून सही केलेली नाही. माझ्यासमोर साफ कर, नाहीतर हा बाहेर ठेव आणि नुसत्या पेनाने पेपर लिही. तिसरा रस्ता नाही."

पोरीचा अंगठा कळेवर गेला आणि तिथेच राहिला. कर बाई साफ, असं बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं. अठरा मार्कांची मुलगी, आणि यंत्राशिवाय त्रिकोणमितीचा पेपर!

तिने कॅल्क्युलेटर बाईंच्या हातात दिला.

तीन तास बाई खुर्चीवर बसून होत्या, पण जीव त्या शेवटच्या बाकावर होता. तिथे खाडाखोड चालली होती, भागाकार चालले होते, आणि मधेच पोरगी डोळे मिटून पुटपुटत होती. देवाचा धावा करत असणार, बाईंना वाटलं. शेवटच्या अर्ध्या तासात त्या फिरत फिरत तिच्यामागे गेल्या. सातांपैकी पाच प्रश्न झाले होते. चार बरोबर आले की पास. बाईंनी नजरेनेच ते पाचही तपासले, आणि दुसऱ्यांदा तपासले. पाचही बरोबर!

पेपर संपल्यावर त्यांनी तिला दारातच गाठलं. "खरं सांग. एकेचाळीस अंशांची साइन तू कुठून आणलीस? कुणाचं बघितलंस?"

"शून्य पूर्णांक सहासष्ट शतांश," पोरगी म्हणाली. "बेचाळीस अंशांची सदुसष्ट. त्रेचाळीसची अडुसष्ट. यंत्राने दर वेळी साइन काढली तर गेम रखडतो, बाई, म्हणून सगळा तक्ता मी आधीच भरून ठेवते. तीनदा बॅटरी जाऊन पुसला गेला, तीनदा नव्याने भरला. पाठच झालाय."

"फक्त तक्ता?"

"नाही, सगळंच भरावं लागलं ना. किरणं, भिंती, राक्षस..."

"म्हणजे चौदाशे ओळी तुझ्या डोक्यात आहेत," बाई म्हणाल्या. "मग सकाळी हा साफ केला असतास तर काय बिघडलं असतं?"

बाईंनी कॅल्क्युलेटर पुढे केला होता. तो घ्यायचंही तिला सुचलं नाही.