हार्डडिस्कवरचा नारळ

पूजा करावी तर हळदकुंकू वाहावं, हात जोडावेत आणि गप बाजूला व्हावं. पण गोदावरीबाईंच्या सुदर्शनला कशाचा तरी सत्यानाश केल्याशिवाय सण झाल्यासारखं वाटतच नसे. खंडेनवमीला बायकोच्या भरतकामाच्या मशीनपुढं ह्यानं असा जोरात नारळ फोडला, की पाणी थेट कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेल्या हार्डडिस्कवर. बरं, सांडलं तर सांडलं, पुसून ठेवावं. हा गडी ती चालू करकरून बघत बसला, पार जळका वास सुटेस्तोवर.

त्या हार्डडिस्कच्या डब्बीत बायकोनं, तनुजानं स्वतः काढलेली सगळी नक्षी होती. मोर, कोयऱ्या, वेली. ती गेली म्हणजे अहमदपुरातलं तिचं ब्लाऊजचं दुकान गेलं.

"जाऊ दे," सुदर्शन म्हणाला. "मशीनला गिऱ्हाईक बघतो. तेवढीच कटकट जाईल."

सून डोळे पुसायला लागली, तसं गोदावरीबाईंचं डोकं फिरलं.

"ए बाई, मेल्यावर रडतेत. आधी वैद्याला तर दाखवू. चल नांदेडला!"

गाडीत त्यांनी डब्बी पदरात गुंडाळून छातीशी धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, तान्हं हाय का?"

"हाव, सुनेचं हाय. तिकीट मागू नको."

नांदेडच्या दुरुस्तीच्या दुकानात धम्मप्रिया नावाची पोरगी बसली होती. तिनं डिस्क उलटी केली, भिंगातून पाहिली. "वरचा बोर्ड जळलाय. आतल्या प्लेटा शाबूत दिसतात. पण ह्याच कंपनीची, अगदी अशीच दुसरी डिस्क पाहिजे. तिचा बोर्ड हिला बसवते, मग फायली काढता येतील."

तनुजा चुळबुळली. "आत्याबाई, तसली ह्यांच्याकडं हाय. संगंच घेतल्या होत्या. पिच्चर भरलेत तिच्यात."

गोदावरीबाईंनी फोन लावायला लावला.

"आई, माझे सगळे पिच्चर हायत त्यात!"

"सुद्या, घेऊन येतूस का मी येऊ?"

पुढच्याच गाडीनं आला. धम्मप्रियानं त्याच्या डिस्कचा बोर्ड सोडवला, जळक्या बोर्डावरची एक बारकी चिप त्याच्यावर चढवली आणि वायर जोडली. डिस्क घुमायला लागली. गोदावरीबाईंनी माहूरच्या रेणुकेला 'आता नक्षी दाव' म्हणून मनातल्या मनात चांगलंच दटावलं.

पडद्यावर मोर आला. मग कोयरी. मग रांगच लागली.

"माझी वेल!" तनुजा खुर्चीवरून उठलीच. "आत्याबाई, ही शिरूरच्या नवरीची! सगळं हाय, सगळं!"

"एकही फाईल गेली नाही," धम्मप्रिया हसली.

गोदावरीबाईंनी गडावर झेंडा लावल्यागत पदर खोचला.

सुदर्शन खाकरला. "मग... त्या गिऱ्हाईकाला काय सांगू? मी तर मशीन दाखवतो म्हणलोय."

दुकानातली माणसं वळून बघतील अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मी सांगते काय सांगायचं ते. नक्षी तिची, मशीन तिची, दुकान तिचं. नवरा झालास म्हणून मालक झाला न्हाईस. पुन्हा इकायचं नाव काढलंस, तर पहिली तुझी फटफटी बाजारात उभी करीन. कळलं का? जा आता, ह्या दोघी पोरींना च्या सांग."