सासूची भूमिका

पद्मिनीबाई पुण्याहून जपानला, टोकियोतल्या हिगाशी-कसाईला लेकाकडे आल्या, त्या खरं तर त्याची समजूत काढायला. प्रताप सॉफ्टवेअरची चांगली नोकरी सोडायला निघाला होता. तिथल्या मोठ्या भूकंपानंतर ओळखीतली बरीच कुटुंबं भारतात परतली, ही दोघं मात्र राहिली होती. आणि आता बायको चित्राच्या जोडीनं स्टेशनजवळ गाळा घेऊन तो पिठाची गिरणी घालणार होता! आसपासच्या भारतीय घरांना ताजं ज्वारी-बाजरीचं पीठ मिळावं, ही चित्राची कल्पना. ती गिरणीतच वाढलेली. तिचे वडील बाळासाहेब, त्यांची इस्लामपुरात गिरणी. पद्मिनीबाईंचं घर जज्जांचं.

विषय काढायला त्या चांगली वेळ शोधत होत्या, तेवढ्यात मराठी मंडळानं त्यांना गाठलं. गणपतीत एक फार जुनं नाटक बसत होतं. सरदार घराण्यातला मुलगा धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न करतो आणि बाजारात पेढी काढायला निघतो; त्याची आई आकाशपाताळ एक करते. सुनेचं काम चित्राकडे होतं. आईचं काम करणारी बाई ऐन वेळी भारतात गेली.

"काकू, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी सरदारीणबाई दिसता," दिग्दर्शन करणारी स्वप्ना म्हणाली. कॉलेजात नाटकं केलेल्या पद्मिनीबाईंना नाही म्हणवेना.

घरी दुपारी प्रताप ऑफिसात असताना दोघी तालीम करायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघींचं बोलणं भाजी आणि औषधांच्या पुढे कधी गेलं नव्हतं. कुठला कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा, ही आता त्यात भर. आणि इथे एकदम समोरासमोर भांडायचं!

"तराजूपाशी वाढलेली पोर ती! तिला आमच्या उंबऱ्याची किंमत काय कळणार?" हे वाक्य आलं की पद्मिनीबाई अडखळत.

"म्हणा ना आई. नाटकच तर आहे. जोरात म्हणा."

"तुझ्याकडे बघून नाही म्हणवत गं."

चित्रानं हातातली वही खाली ठेवली. 

"आई, एक सांगू? रागावू नका. आमच्या लग्नात तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, मुलीच्या वडिलांचा व्यवसाय आहे. कुणी विचारलं, कसला, की तुम्ही विषय बदलायचात. बाबा मागेच उभे होते. तुम्ही सरळ गिरणीवाले म्हणाला असतात, तर त्यांना बरं वाटलं असतं."

पद्मिनीबाई म्हणाल्या, "मला वाटलं, मी त्यांचा मान राखतेय."

"माहितीये मला. म्हणून तर कधी बोलले नाही."

चित्रा चहा टाकायला उठली. पद्मिनीबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि आलं किसत उभ्या राहिल्या. "त्यांना वाईट वाटलं होतं का गं फार?" त्यांनी विचारलं. चित्रानं मान हलवून हो म्हटलं. 

प्रयोग जवळच, एदोगावा भागातल्या एका सभागृहात झाला. पद्मिनीबाईंनी ते वाक्य असं फेकलं की पहिल्या रांगेतल्या बायका चपापल्या. नाटकाच्या शेवटी सासू पहिल्यांदा पेढीची पायरी चढते. चढताना पद्मिनीबाईंचा पाय नऊवारीत अडकला. चित्रानं पटकन हात दिला. नाटकात तसं नव्हतं. पण पद्मिनीबाईंनी तो हात पडदा पडेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर त्या लेकाला म्हणाल्या, "प्रताप, बाळासाहेबांना फोन लाव. व्हिडिओवर."

दिवाळी सोडून विहीणबाईंचा फोन, म्हणून पलीकडे बाळासाहेब गडबडून उभेच राहिले. मागे गिरणीचा पट्टा फिरत होता. "काय झालं? पोरं बरी हायत न्हवं?"

"सगळी ठीक आहेत. तुम्ही बसा आधी. ही दोघं इथे गिरणी घालताहेत, आणि आमच्या घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दगड कुठला घ्यायचा, तो गुळगुळीत झाला की त्याला टाकी कधी लावायची, सगळं सांगायला तुम्ही इकडे या. माझा मुक्काम मी वाढवतेय."

बाळासाहेबांनी कुणाला तरी हाक मारून मशीन बंद करायला सांगितलं. आवाज थांबला तरी ते बसले नाहीत.

"बसा हो," पद्मिनीबाई पुन्हा म्हणाल्या.

"बसतो, बसतो," ते म्हणाले, आणि चष्मा काढून उपरण्यानं पुसू लागले.