भीतीची वाक्यं माझ्या मांडीवर

घाबरू नका मित्रांनो, कुरकुरतेय ती मीच. कोपऱ्यातली जुनी डुलती खुर्ची. बसणार असाल तर बेतानं बसा, माझी डावी कमान चिरली आहे. कशी चिरली, तेच सांगते.

एका सुतारानं मला घडवलं. सागाची पाठ, वेताची बैठक आणि खाली पायांऐवजी दोन वाकड्या कमानी. पहिल्या मालकिणीनं माझ्यात बसून पोरं निजवली. ती गेल्यावर पोरांनी मला माळ्यावर टाकलं. तिथं मी जीव मुठीत धरून होते. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटे, आता जळणात. एक दिवस पाऊल वाजलं ते घरात नव्यानं राहायला आलेल्या बाईंचं.

बाई घराच्या पुढच्या खोलीत स्पॅनिश शिकवत. तिथं एक ताठ लाकडी खुर्ची होती, जमिनीत रोवल्यासारखी. तिच्यासमोर त्यांनी मला ठेवलं. त्या भाषेत जे आहे, घडतं, ठाऊक आहे, त्याचं क्रियापद एका रूपात येतं. जे व्हावंसं वाटतं, ज्याची शंका येते, धास्ती वाटते, त्याचं दुसऱ्या. आपल्याकडे ‘तो येतो’ आणि ‘तो येवो’ असतं ना, तसंच. फक्त तिकडे ते पावलोपावली लागतं. परत येतो म्हणजे वुएल्वे, परत येवो म्हणजे वुएल्वा. बाई म्हणत, “आधी स्वतःला विचारा, मन जमिनीवर आहे की डुलतंय? मग त्या त्या खुर्चीत बसा आणि बोला.”

एकदा वर्गातले पेन्शनर काका ताठ खुर्चीत बसून म्हणाले, “माझा जावई हुशार आहे.”

“खात्री आहे?” बाईंनी विचारलं.

काका निमूट उठले आणि माझ्यात येऊन बसले. वर्ग खो खो हसला.

सगळ्यांची भीती अशी माझ्या मांडीवर यायची. सर्वांत जास्त ताईची. ताई शिवणकाम करायची. पदराला खोचलेल्या टाचण्या मला टोचायच्या. तिचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता आणि जहाजाच्या कचेरीत स्पॅनिशशिवाय कुणी बोलत नसे. “उद्या काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?” म्हणून ती शिकत होती.

आणि ते ‘काही’ झालंच. वादळात जहाजाशी संपर्क तुटला. शोध लागला की बाईंच्या घरी फोन करू, असं कचेरीनं कळवलं. अडलं तर बाई जवळ असाव्यात म्हणून ताईनंच तो नंबर दिला होता.

त्या दुपारी वर्ग भरला, पण कुणी पुस्तक उघडलं नाही. ताई आली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ ताठ खुर्चीत बसली, खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले आणि म्हणाली, “मी एर्मानो वुएल्वे.” तिकडे ‘मी’ म्हणजे माझा. माझा भाऊ परत येतो.

खुर्ची चुकली होती, हे सगळ्यांना कळत होतं. आणि चुकलेल्या खुर्चीतून बाईंनी कुणाला उठवलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, आता त्या म्हणणार, ऊठ. मग हे वाक्य माझ्याकडे येणार, आणि ते मला पेलणार नाही.

बाई उठल्या. ताईजवळून पुढे आल्या आणि स्वतःच माझ्यात बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“ओहाला वुएल्वा,” त्या म्हणाल्या. देव करो, परत येवो.

त्या उठल्यावर वर्गात शिकणारा पोस्टमन येऊन बसला. “वुएल्वा.” मग काका. काकांचं वजन तुम्हाला काय सांगू! डावीकडे कट्ट झालं. मी वेत आवळून धरले. मोडायचं तर मोडेन, पण आत्ता नको.

तेवढ्यात फोन वाजला.

बाईंनी हात पुढे केला, पण ताई म्हणाली, “नको बाई, मीच बोलते.” आम्हाला फक्त तिची पाठ दिसत होती. ती विचारत होती, ऐकत होती, पुन्हा विचारत होती. पाठीवरून काहीच कळेना. तिनं फोन ठेवला. वळली, चार पावलं चालली आणि माझ्यात कोसळली. तिची थरथर माझ्या कमानीपर्यंत उतरली.

“एस्ता वीवो,” ती म्हणाली. जिवंत आहे. “पाय मोडलाय. दवाखान्यात आहे. सूप बेचव आहे म्हणून नर्सशी भांडतोय मेला!” आणि मग ती रडली.

“ताई, खुर्ची चुकली हो,” काका डोळे पुसत म्हणाले.

“बसू दे तिला,” बाई म्हणाल्या. “भीती उतरली की उठेल.”

बराच वेळ ती उठली नाही. चिरलेल्या कमानीवर मी तिला डुलवत राहिले.

बाई थकल्या, वर्ग बंद झाला. आता माझ्यावर इस्त्रीचे कपडे बसतात. मित्रांनो, कुणी घाबरून डुलत असेल तर ‘काही होत नाही’ म्हणून त्याला उठवायची घाई करू नका. थोडा वेळ शेजारी बसा. आणि जमलं तर माझ्या कमानीला एक पट्टी ठोकून द्या. माझ्यात बसायला पुन्हा कुणीतरी येवो. येईलच, असं ठामपणे सांगायला मला ताठ पाय नाहीत.