जिन्याखालचा हट्टी व्हॉल्व्ह

मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. जिन्याखाली, झाडू आणि फुटक्या बादलीच्या शेजारी माझा मुक्काम असतो. डोक्यावरच्या लाल चाकाचा रंग कधीच उडाला आहे. पण मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. वरच्या मजल्यावर जाणारा पाण्याचा थेंबन्‌थेंब माझ्यातून जातो.

कारखान्यात मला तासले, घासले, आत पाणी भरून तपासले. नळ दुरुस्त करायचा असला की पाणी अडवायचे, एवढेच काम मला नेमून दिले होते. घराच्या मालकांनी मला इथे बसवले. ते मला अधूनमधून तेलाचे बोट लावत. पुढे ते गेले आणि घर मालकीणबाईंच्या हाती आले. एकट्या बाईच्या डोक्यावर भाडेकरू मिरे वाटतात, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. बोलण्यात आपण कमी पडू, ही त्यांची धास्ती. मग त्या तोंडाऐवजी माझे चाक वापरू लागल्या. भाडेकरूने मोठ्याने गाणी लावली, फिरव चाक. पाहुणे जास्त राहिले, फिरव चाक. भाडेकरू मुकाट खाली येऊन माफी मागत. "हा आहे म्हणून माझा धाक आहे," असे त्या मला थोपटून म्हणायच्या. मला ते कौतुक मुळीच गोड लागले नाही. तेल तर कुणी घालतच नव्हते.

मग वर एक नर्स राहायला आली, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना घेऊन. त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागत. काही महिन्यांत मालकीणबाईंच्या झोपायच्या खोलीचे छत ओले झाले आणि गिलाव्याचा पोपडा नेमका उशीवर पडला. बाई घाबरल्या. हे घर हाच त्यांचा आधार होता. पाणी वरच्या धुण्याचेच, असे त्यांनी ठरवून टाकले. मिस्त्रीला दाखवू या म्हणून नर्सने विनवले, पण ऐकतो कोण? त्यांनी जागा सोडायला सांगितले. ती सोडेना, तेव्हा त्या जिन्याखाली आल्या.

मी जीव खाऊन विरोध केला. त्यांनी पाना आणला आणि मला आवळलेच. वर आजारी म्हातारा आणि नळ कोरडा. असा संताप मला जन्मात आला नव्हता.

नर्स माफी मागायला आली नाही. शेजाऱ्यांकडून बादल्या वाहून तिने वडिलांचे सगळे केले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी दार उघडताच ती थेट त्या खोलीत जाऊन छताखाली उभी राहिली. खोली जिन्याला लागूनच, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. छत टपटप गळतच होते.

"काकू, वर कालपासून टिपूस नाही. मग हे पाणी कुणाचं?"

मालकीणबाई वर बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या टाकीचा पाईप माझ्यातून न जाता गच्चीवरून त्याच भिंतीतून खाली येतो. तोच फुटला होता.

"माझंच गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण कालच येऊन भांडली का नाहीस?"

"आले होते. तुम्ही दारच उघडलं नाहीत."

बाईंनी स्वतः येऊन मला उघडले आणि त्याच दिवशी पाईप बदलून घेतला. मीही त्या दिवशी ठरवले, आता बस्स.

पुढे एकदा जिन्यात वरच्या बिऱ्हाडाच्या चपलांचा ढीग पडला. सवयीने त्यांचा हात माझ्यावर आला. मी तसूभरही हललो नाही. त्यांनी पाना लावला, ठोकून पाहिले. मी ढिम्म. शेवटी मला शिव्या घालत, गुडघे धरत त्या जिना चढल्या. वरून आधी चढलेले आवाज आले, मग नर्सचे वडील कशाला तरी हसले, मग बाईही हसल्या. संध्याकाळपर्यंत चपला जागेवर गेल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणी घरमालक होईल. माझ्यासारख्याला वेळच्या वेळी तेल घाला. फुटका नळ बदलायचा असेल, तर मी एका बोटाने बंद होईन, हा माझा शब्द. पण माणसाला वठणीवर आणायला याल, तर पाना मोडेल, मी हलणार नाही. जिना माझ्या डोक्यावरच आहे. तो चढा.