नारळाची वाट पाहिलेला डंक

मी एक जुना डंक आहे. जुना म्हणजे झिजलेला, असं मात्र समजू नका. माझी दोन्ही मुसळं अजून धड आहेत आणि मोटरही ठणठणीत आहे. मी नुसता ठेवून ठेवून जुना झालो. मित्रांनो, राबून म्हातारं होण्यात एक ऐट असते. ती माझ्या वाट्याला आली नाही. तुम्ही भाकरीवर तेल घालून जी लाल चटणी खाता, ती कांडायचं यंत्र म्हणजे मी. सरकारी कागदात मला 'मिरची कांडप यंत्र' म्हणतात. आमच्या मुरगूडच्या बाजूला डंक म्हणतात, आणि तेच नाव मला बरं वाटतं.

माझा जन्म कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ओतीव लोखंडाचं उखळ, त्यात वरून आपटणारी दोन मुसळं आणि बाजूला मोटर, एवढाच माझा संसार. मला जोडणाऱ्या मिस्त्रींनी रिकाम्या उखळात मुसळं चारदोनदा आपटून बघितली, कान दिला आणि म्हणाले, "तीस वर्सं मरत न्हाय ह्यो." ते ऐकून मी आतल्या आत फुगलो. तीस वर्षांचं काम, म्हणजे किती घरांची चटणी होईल याचा हिशेब मला लागेना.

घरच्या घरी धंदा करू पाहणाऱ्या बायकांना तेव्हा सरकारी योजनेतून अशी यंत्रं मिळत होती. मुरगूडजवळच्या एका खेड्यातल्या पूर्णिमानं त्यासाठी अर्ज केला होता. दाखले, फोटो, सह्या, पुन्हा दाखले, असे तिनं तालुक्याला सहा हेलपाटे घातले. तिच्या सासूबाई धोंडुबाई. पूर्णिमा त्यांना आत्ती म्हणायची. या आत्तींच्या चटणीचं नाव पंचक्रोशीत होतं. मिरची संकेश्वरी, लसूण गावचा, आणि सगळं दगडी उखळात हातानं कांडलेलं. पण आत्तींनी साठी केव्हाच ओलांडली होती आणि त्यांचा दम पुरत नव्हता.

पूर्णिमानं मनाशी सगळं जुळवलं होतं. आत्तींनी मसाला भाजायचा, डंकानं कांडायचं आणि पलीकडच्या गल्लीतल्या मीनाबाईनं चाळायचं, भरायचं. मीनाबाई शेतात भांगलणीला, म्हणजे तण काढायला जायची. ते काम वर्षातले चार महिने. तिला बारमाही काम मिळणार होतं. कोल्हापुरातल्या एका खानावळीनं चाळीस किलो चटणी गुढीपाडव्यापर्यंत मागितली होती. ती आवडली तर दर महिन्याला घेऊ म्हणाले होते.

संक्रांतीनंतर टेम्पोतून मी त्यांच्या दारात उतरलो. आत्तींनी मला हळदकुंकू लावलं आणि उखळात हात घालून तळ चाचपला. त्या पूर्णिमाला म्हणाल्या, "हातानं कांडताना मुसळच सांगतंय कवा थांबायचं ते. डंकाचं मलाबी शिकाय पायजे. मधी मधी चिमूट जिभेवर ठेवायची. चार घाणे दोघी मिळून काढू, मग तुला माझी गरज न्हाय." मित्रांनो, एका वेळी उखळात मावेल तेवढं कांडप म्हणजे एक घाणा. ही चार घाण्यांची गोष्ट ध्यानात ठेवा.

पूर्णिमा माझी पिन बोर्डात घालायला गेली, तेवढ्यात तिचे सासरे आकाराम पुढं आले.

"थांब. साहेबांनी अर्ज पुढं ढकलला म्हणून ह्यो दारात आला. त्यांच्या हातनं नारळ फुटल्याबिगर बटन दाबायचं न्हाय. जनाची न्हाय तर मनाची तरी पायजे की."

साहेब म्हणजे त्या भागाचे निवडून आलेले सदस्य. त्यांच्या फोटोचं एक स्टिकर माझ्या अंगावर होतं. आकारामांना वाईट म्हणू नका. सगळं आयुष्य त्यांनी रांगेच्या शेवटी उभं राहून काढलेलं. सरकारकडून घरात आलेली पहिली वस्तू मीच. त्यांनी स्वतः मुरगूडच्या बाजारातून लाल रिबीन आणली आणि माझ्या गळ्यात बांधली. साहेबांनी पुढचा रविवार दिला. त्या रविवारसाठी आकारामांनी टोपी धुऊन वाळत घातलेली मला दिसत होती.

रविवार आलाच नाही. गुरुवारी निवडणूक जाहीर झाली आणि ग्रामसेवकांचा फोन आला. आकाराम अंगणात बोलून आत आले ते पोतं आणि सुतळी घेऊनच.

"आचारसंहिता लागली. झाकून ठेवाय सांगितलंय."

"मामा, चालवायचाच न्हाय म्हणाले?" पूर्णिमानं विचारलं. "मी फोन करून इचारू का एकदा?"

"साहेब लोकांस्नी सारखं काय इचारायचं? कुणी तक्रार केली तर आलेली वस्तू माघारी जाईल. महिन्याभराचा तर प्रश्न."

आणि त्यांनी मला पोत्यात घालून सुतळीनं आवळलं. गाठीवर गाठ मारली. इथून पुढचं मी डोळ्यांनी फारसं पाहिलेलं नाही, कानांनी ऐकलेलं आहे.

मतदान झालं, निकाल लागला आणि साहेब पडले. पूर्णिमाला वाटलं, आता तरी सुटका होईल. पण आकाराम म्हणाले, "पडलेल्या माणसाचा मान काढून घ्यायचा नसतोय. त्यांनीच दिलाय, त्यांच्याच हातनं हुईल." साहेबांचा फोन लागत नव्हता. हरलेला माणूस कशाला फोन उचलेल? पाडवा दहा दिवसांवर आला.

मग एका सकाळी दगडी उखळ ओढत आणल्याचा आवाज झाला. माझ्याच शेजारी, भिंतीच्या पलीकडं. आत्तींनी हातानं कांडायला घेतलं होतं.

मित्रांनो, तुमचं काम दुसरं कुणीतरी म्हातारं माणूस करतंय आणि तुम्ही हाताच्या अंतरावर बांधून पडला आहात, असं कधी झालंय का? धप, धप, धप. मध्येच थांबायचं. खोकला. पाण्याचा तांब्या. पुन्हा धप. भिंतीत वीज होती, माझ्यात मोटर होती. दोन दिवसांत मी चाळीस किलो हसत हसत उडवले असते. मी पोत्यात नुसता ऐकत होतो. पूर्णिमा आणि मीनाबाई आळीपाळीनं मुसळ मागून घ्यायच्या, पण आत्ती लगेच परत मागायच्या. दुसऱ्याच्या हातचं कांडप त्यांच्या मनास येत नव्हतं.

मीनाबाई म्हणाली, "आत्ती, बसा की जरा. हाताला फोड आल्यात बघा."

"डंक बांधलाय गं," आत्ती म्हणाल्या, "माझं हात कुणी बांधल्यात?"

आकाराम घराच्या पुढच्या सोप्यावरच बसलेले असायचे. त्यांनाही ती धपधप ऐकू जात होती. एकदा ते उठून माझ्यापाशी आले, पोत्यावर हात ठेवून उभे राहिले आणि परत जाऊन बसले.

आठव्या दिवशी दुपारी मुसळ फरशीवर पडल्याचा आवाज आला. पूर्णिमाची हाक, मीनाबाईची धावपळ, रिक्षा, मग काहीच नाही. संध्याकाळी घरात माणसं जमली आणि रडण्याचा आवाज आला, तेव्हा मला समजलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता. तो कांडण्यानं आला की येणारच होता, हे मला कोण सांगणार? पण मला वाटायचं ते वाटतंच. उखळात अर्धवट कांडलेली चटणी तशीच होती. खानावळीचे सहा किलो राहिले होते.

आत्तींच्या बाराव्याला ग्रामसेवक भेटायला आले. चहा घेताना त्यांची नजर माझ्याकडं गेली.

"हे पोत्यात काय आहे?"

"डंक," आकाराम म्हणाले. "तुमीच झाकाय सांगितलासा."

ग्रामसेवकांनी चहाची बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आकाराममामा, मी फोटोवर कागद चिकटवा म्हणालो होतो. डंक चालवायला तुम्हाला कुणाची ना होती?"

माणसं उठून गेल्यावर आकाराम माझ्यापाशी बसले आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. गाठ त्यांनीच मारलेली, पण त्यांच्या बोटांना ती सुटली नाही. मग त्यांनी तो नाद सोडला.

पुढं मला कुणी हात लावला नाही. माझ्याकडं बघवत नव्हतं घरात कुणालाच. आख्खा पावसाळा पोतं ओलं राहिलं आणि उखळाला गंज चढला. खानावळीनं चटणी दुसरीकडून धरली. मीनाबाई थांबून थांबून शेवटी कागलच्या एमआयडीसीत एका कॅन्टीनला भांडी घासायला लागली. पहाटेची गाडी धरायला जाताना ती दारावरून जायची, पण आत वळायची नाही.

पुढच्या वर्षी मिरची बाजारात आली, तेव्हा एका सकाळी पूर्णिमा विळी घेऊन आली. तिनं सुतळी कापली, पोतं ओढून काढलं, आणि विटलेली रिबीनही कापून टाकली. चिंच लावून तिनं माझा गंज काढला, हात सोलवटेपर्यंत.

"नारळ आणू?" आकारामांनी दारातून विचारलं.

"नको, मामा."

तिनं बटन दाबलं. माझं पहिलं काम. मी जीव ओतून कांडलं, मित्रांनो. मध्येच तिनं मला थांबवलं, चिमूटभर चटणी उचलून जिभेवर ठेवली आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग दुसरी चिमूट तिनं सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली.

"मामा, तुमी जन्मभर खाल्लीसा आत्तींच्या हातची. सांगा, झाली का अजून ठोके पायजेत?"

आकारामांनी ती जिभेवर ठेवली. बराच वेळ ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं.

"मला कवा कळत हुतं, पोरी," ते म्हणाले. "ती झाली म्हणायची, मी खायाचो."

आता मी चालतो. गल्लीतल्या बायका थोडी थोडी मिरची घेऊन येतात. पूर्णिमा अंदाजानं थांबवते. लोक चांगली झालीय म्हणतात, आत्तींसारखी झालीय असं कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं शेवटी सांगतात, आम्हाला पुसा, तेल घाला, नीट झाकून ठेवा. मी तसं सांगणार नाही. मला उघडा ठेवा आणि झिजवा. दारात कामाची वस्तू आली, तर आधी ती चालू करा. कुणाचा मान राहिला असेल, तर त्यांना नंतर चटणी-भाकर खायला बोलवा. आणि मनात शंका असेल तर पुन्हा एकदा विचारा. विचारायला लाजू नका. मिस्त्रींच्या हिशेबानं माझी अजून पुष्कळ वर्षं शिल्लक आहेत, पण दोघींनी मिळून काढायचे ते चार घाणे त्यात नाहीत.