दुपारी दोन ते चार

शालनने ब्लाउजच्या बाहीची शिवण ब्लेडने उसवली आणि हात घालून पुन्हा पाहिलं. अजून घट्टच. शिवणीत ठेवलेली माया संपली होती. आता खालच्या नंदूसेठकडून कटपीस आणून जोडल्याशिवाय हा दंड त्यात मावणार नव्हता. महिनाभरात माणसाच्या अंगावर एवढं मांस चढतं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि चढलं तेही नेमकं कारखान्याला टाळं लागलेल्या नवव्या महिन्यात, पॅकिंग खात्यातल्या बाकीच्या बायकांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत असताना.

उद्या सकाळी अंबरनाथला गेटवर सभा होती. युनियनने तिला रशियाला पाठवलं होतं. काळ्या समुद्राकाठी कामगारांसाठी बांधलेलं आरोग्यधाम, चोवीस दिवसांची विश्रांती. जो जाईल त्याने येऊन अहवाल वाचायचा असा रिवाज होता. अहवाल तयार होता. काय घालून उभं राहायचं एवढंच ठरत नव्हतं.

"जयभीम गं. हाय का घरात रशियावाली?"

दारात चांगुणा उभी होती. अकरा वर्षं दोघी एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी उभ्या राहून खोकी भरत आल्या होत्या. चांगुणा तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. शालन तिला आक्का म्हणायची. पालेगावहून कॅम्प चारपर्यंत ती चालत आलेली दिसत होती. चपलांवर धूळ होती, आणि जिना चढून तिने चौकटीला हात टेकला होता.

"जयभीम आक्का. ये, बस पंख्याखाली."

"बसते. आधी तुला बघू दे. अगं बाई, गालावर गाल आलाय. शेजारणींनी वळखलं का तरी?"

"शेजारणींचं सोड. रेशनवाला विचारत होता, कितवा महिना."

चांगुणा हसली. हसता हसता तिचा खोकला झाला. भिंतीकडे तोंड करून, पदर तोंडावर धरून ती थांबली आणि मग काहीच झालं नाही अशी वळून बसली.

शालनने चहा टाकला. दोन कप काढले. चांगुणाने आपल्या कापडी पिशवीत हात घातला, एक स्टीलचा पेला काढला आणि फरशीवर ठेवला.

"यात ओत."

"कपात दिलाय ना."

"यात बरा लागतो मला."

शालनने वरून धार धरली. थोडा चहा सांडला. तिने तो फडक्याने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

अकरा वर्षांत चांगुणा तिच्या घरी तिच्या कपातून चहा प्यायली होती, तिच्या ताटात जेवली होती. वेगळं भांडं म्हणजे काय हे दोघींनाही कोणी शिकवायची गरज नव्हती. शालनच्या बापाच्या गावी हॉटेलाबाहेर वळचणीला दोन फुटक्या कपबशा टांगलेल्या असायच्या. बाप स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, स्वतः टांगायचा. आपल्याच माणसाने आपल्या घरात तसं करावं, तर त्याचा अर्थ एकच. तुझ्या घरचं भांडं मला नको.

आणि नको असायला कारणही होतं. रशियाला पाठवायच्या यादीत पहिलं नाव चांगुणाचं होतं.

"वाच की," चांगुणा म्हणाली. "उद्या सगळ्यांसंगट ऐकायचंच हाय. मला आधी वाच."

शालनने कागद घेतला. आरोग्यधामात खाटा किती, डॉक्टर किती, गिरणी कामगाराला वर्षातून रजा किती. समाजवादी व्यवस्थेत कामगाराच्या प्रकृतीला दिलेलं स्थान. युनियनचे रामभाऊ यांनी लाल शाईने दुरुस्त केलेली दोन पानं तिने वाचून काढली.

"झालं?"

"झालं."

"हे तर रामभाऊला इथं बसून लिवता आलं असतं. त्यासाठी तुला इमानात कशाला घातलं?" चांगुणाने फुंकर मारून घोट घेतला. "तू काय केलंस ते सांग. सकाळी उठायचीस, मंग?"

शालनने कागदाची घडी घातली. खरं सांगायचं तर तिने काहीच केलं नव्हतं. आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

"दुपारी झोपायचं," ती शेवटी म्हणाली.

"दुपारची झोप?"

"दोन ते चार. सक्तीची. घंटा व्हायची. मग कुणी बोलायचं नाही, चालायचं नाही. नर्स दारं तपासत फिरायची."

"आजारी मानसाला."

"सगळ्यांना. पहिल्या दिवशी मला काय सुचेना. उजेडी मी कधी आडवी झाले, सांग. बाळंतपणं सोडली तर? मी उठून खोली झाडायला घेतली. नर्सने झाडू काढून घेतला."

चांगुणा आता पुढे झुकली होती. शालन सांगत गेली. खोलीत दुसऱ्या खाटेवर सेलेस्तीन नावाची बाई होती, आफ्रिकेतल्या काँगोची, तिथल्या कापड गिरणीतली. पन्नाशीची, धिप्पाड. तिला मराठी, हिंदी, इंग्रजी काही येत नव्हतं. तिला येत होती फ्रेंच. दुसऱ्या दुपारी शालनने डोळा उघडून पाहिलं तर सेलेस्तीन गुपचूप उठून कपाटातल्या चादरींच्या घड्या घालत होती. दोघी एकमेकींकडे बघून तोंड दाबून हसल्या. त्यांची ओळख झाली ती अशी.

"मग?"

"मग ती मला शिकवायला लागली. गिरणीत संध्याकाळी बायकांना वाचायला शिकवायची ती, तशीच वही करून. समुद्राकडे बोट, ला मेर. समुद्र. मिठाला सेल. रोज चाळीस शब्द. सकाळी समुद्राकाठच्या बाकावर, दुपारी खाटेवर पडून कुजबुजत. नर्स आली की डोळे मिटायचे."

"रशियाला जाऊन फ्रेंच शिकलीस."

"हो."

"रामभाऊला सांगितलंस?"

"नाही."

चांगुणा पुन्हा हसली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. या वेळी खोकला लांबला. शालन तिच्या पाठीवर हात फिरवायला उठली, तर चांगुणाने मागे न बघताच हाताने तिला थोपवलं.

शालन तिथेच उभी राहिली. बोलायचं ते आता बोलायला हवं होतं, आणि दोन महिन्यांपूर्वीही बोलायला हवंच होतं.

जायच्या आधी दोघींच्या छातीचे फोटो काढले होते. रामभाऊ एकच पाकीट घेऊन परत आले आणि शालनला बाजूला घेऊन म्हणाले, चांगुणाबाईंच्या फोटोत डाग आहे, छातीचा पेशंट ते लोक घेत नाहीत, तुम्ही जा. चांगुणाला त्यांनी सांगितलं की पासपोर्टचा कागद अडलाय. शालन म्हणाली होती, पण तिला खरं सांगायला नको? रामभाऊ म्हणाले, एवढ्यात नको. गेटवरच्या उपोषणाच्या मंडपात तीस बायका तिच्या जोरावर बसतात. ती घरी बसली तर सगळ्या उठतील. टाळं निघू दे, मग बघू.

शालनने मान हलवली होती. साखळी उपोषणात ती स्वतः चक्कर येऊन पडली होती, पोटात अल्सर निघाला होता, हे खरं. पण मान हलली ती त्यामुळे नव्हे. समुद्र तिने फक्त सहा डिसेंबरला दादरला पाहिला होता, लाखो माणसांच्या डोक्यांवरून. काठाशी बसून तिला तो कधी बघता आला नव्हता. तिला जायचं होतं.

शिकायला लागून दोन आठवडे झाले तेव्हा सेलेस्तीनने मैत्रिणीवर पाच वाक्यं लिहून आण म्हणून सांगितलं. शालनने लिहिलं: माझी मैत्रीण चांगुणा आहे. ती जोरात हसते. ती आजारी आहे. तिला माहीत नाही. मला माहीत आहे. मराठीत जे तिच्या तोंडून कुणाजवळ निघालं नव्हतं ते त्या परक्या भाषेत सहज उतरलं. नवीन शब्दांना अजून वजन आलेलं नसतं. सेलेस्तीनने चार वाक्यांतल्या चुका दुरुस्त केल्या. शेवटच्या वाक्यात चूक नव्हती. तिने त्याखाली फक्त रेघ मारली आणि वही परत दिली.

मोरीच्या वरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते. शालनने सतरंजी अंथरली. उशी ठेवली.

"आक्का, आडवी हो."

"काय येडी का. मला जायचंय."

"दोन ते चार. तुला बघायचं होतं ना मी काय केलं ते. हेच केलं."

"तांदूळ निवडायचे राह्यलेत तुझे. ते तरी दे, पडून निवडते."

"पडून कुणी तांदूळ निवडतं का? हो आडवी."

चांगुणा कुरकुरत आडवी झाली. उशी तिने सरकवून दिली आणि हाताची उशी केली. पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणाच्या तरी शिलाई मशीनचा आवाज चालू होता, थांबत होता.

"समुद्र कसा होता गं? काळा?"

"नाही. निळाच. नाव नुसतं काळं."

"मानसांसारखं."

शालन तिच्या उशाशी बसली.

"आक्का, ते पासपोर्टचं खरं नव्हतं. तुझ्या छातीचा फोटो काढला होता ना. त्यात..."

"डाग हाय," चांगुणा छताकडे बघत म्हणाली. "डावीकडं. वरच्या अंगाला."

पंखा फिरत राहिला.

"माझी आय याच खोकल्यानं गेली. मला का फोटो पायजे कळायला? तू गेलीस त्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात गेले. गोळ्या चालू हायेत. लाल गोळी, लघवीसुद्धा लाल हुती. घरी सांगितलंय रक्त वाढायची हाये."

"आणि पेला?"

"तुझ्या पोरी हायेत ना घरात. उमा त्या कपातनं दूध पिती." तिने मान वळवून शालनकडे पाहिलं. "तुला काय वाटलं?"

शालनची नजर फरशीवरच्या पेल्याकडे गेली. चांगुणाने ते ओळखलं असावं. तिचा चेहरा आधी ताठ झाला, मग सैल पडला.

"खुळी," ती म्हणाली. "त्या कपबशीला आपून शिवू का परत?"

"तुला माहीत होतं तर मला आल्या आल्या बोलली का नाहीस?"

"बघत हुते, तू कवा बोलतीस." ती पुन्हा छताकडे वळली. "आठ दिस झाले तुला येऊन."

शालनच्या डोळ्यांतलं पाणी खाली आलं नाही, पण तिला समोरची ट्रंक नीट दिसेना. अंदाजानेच तिने ती उघडली. साड्यांच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चिनी मातीचा कप होता. चपटा, दांडीच्याच बाजूने वर चोच काढलेला, अंगावर निळा समुद्र आणि एक होडी.

"तिथं झऱ्याचं औषधी पाणी प्यायचं असायचं," ती म्हणाली. "नळापाशी जाताना प्रत्येकाने आपला कप न्यायचा. मला पहिल्या दिवशी दिला तेव्हा माझ्या घशाखाली पाणी उतरेना. वाटलं, इथंही. मग बघितलं तर मोठे डॉक्टर साहेब रांगेत, हातात आपला कप. सेलेस्तीन, तिचा कप. सगळे आपापला घेऊन. हा तुझ्यासाठी आणला होता. द्यायला मन होईना. वेगळा कप कसा द्यायचा माणसाला."

चांगुणाने कप हातात घेऊन फिरवून पाहिला. चोचीला बोट लावलं.

"बेणं कुठलं. यातनं चहा पितात?"

"पाणी. थोडं थोडं ओढायचं."

"आन."

शालनने माठातलं पाणी ओतलं. चांगुणा कोपरावर उठून प्यायली, मुलं पितात तसं, चोच ओठात धरून, डोळे मोठे करून. मग कप तिने उशाशी ठेवला, भिंतीकडे, कुणाचा पाय लागू नये असा. आणि आता निजताना उशी ओढून डोक्याखाली घेतली.

"तुजी ती काळी बाई झोपताना काय म्हनायची?"

"रपोझे-वू."

"मंजे?"

"विसावा घ्या."

"आहो-जाहोनं?"

"तुला आहो-जाहोनंच."

थोड्या वेळाने चांगुणाचा श्वास जड झाला. अधूनमधून छातीत काहीतरी वाजत होतं, पण ती जागी झाली नाही. शालनने दार लोटलं आणि उंबऱ्यात बसून ब्लाउज हातात घेतला.

पावणेतीनला जिन्यावर चपला वाजल्या. रामभाऊ होते, काखेत फाईल, कपाळाला घाम. शालनने बोट ओठावर ठेवलं.

"अहवाल न्यायला आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "टाइप करून घेतो संध्याकाळपर्यंत."

"चारला या."

"का? झाला नाही?"

"थोडा बदलायचाय."

रामभाऊंनी तिच्या खांद्यावरून लोटलेल्या दाराच्या फटीतून आत पाहिलं. सतरंजीवरचे धुळीचे पाय त्यांनी ओळखले. फाईल त्यांनी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"कळलं त्यांना?"

"त्यांना कधीचं ठाऊक होतं," शालन म्हणाली. "चारला या, रामभाऊ. नर्स ओरडते."

ते जिना उतरून गेले. शालनने सुईत दोरा ओवला. कटपीस आणायला खाली जायचं होतं, पण दार सोडून जाता येत नव्हतं. तिने ब्लाउज मांडीवर पसरला आणि दुसरी बाही उसवायला घेतली.