हौद्यातली तिसरी फळी

बाबांनी मुलाला अकरा वर्षांनी फोन केला, तोही दोन वाक्यांचा. "जुनी गाडी परत चालू करायची आहे. इंजिन तू बघ, हौदा ताई बघेल." पलीकडून मग "बरं" आलं. बाबांनी फोन ठेवला आणि काठी टेकत आत निघून गेले. आईने भांडी घासता घासता डोळे पुसले. ताई मात्र रंधा हातात धरून तशीच उभी राहिली.

गाडी म्हणजे बाबांची जुनी पिकअप. गोल नाकाची, बेडकासारखे दिवे असलेली, ताईच्या जन्माच्याही आधी घरात आलेली. माल ठेवायच्या मागच्या हौद्याचा तळ लाकडी होता. लांबीच्या सात फळ्या, दोन फळ्यांमधल्या फटीवर लोखंडी पट्टी, आणि पट्टीतून खाली आरपार गेलेले गोल डोक्याचे बोल्ट. बाबा सुतार. त्यांनी केलेली कपाटं, पलंग, टेबलं याच हौद्यातून लोकांच्या घरी गेली.

अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी असंच एक कपाट पोचवायचं होतं. ताईचा धाकटा भाऊ नट्या गाडी चालवत होता. लहानपणापासून त्याच्या खिशात नट-बोल्ट खुळखुळायचे, म्हणून घरातही त्याला नट्याच म्हणत. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बाबा मागे कपाटाला धरून उभे होते. गतिरोधकावर गाडी उसळली, बाबांच्या पायाखालची फळी काडकन मोडली आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. गाडी थांबेपर्यंत तो दोन ठिकाणी मोडला होता.

"फळी नवी होती. आदल्या दिवशीच बदललेली," बाबा दवाखान्यात येईल त्याला सांगत. "नवी फळी मोडते, म्हणजे याने केवढी हाणली असेल!"

मी सावकाशच होतो, असं नट्या घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला. कोणाला पटलं नाही. तीन महिन्यांनी बाबा काठीवर घरी आले आणि त्याच आठवड्यात नट्या घर सोडून गेला. पुढे त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला गॅरेज काढलं. आईला भेटायला यायचा, तोही बाबा घरात नसताना.

फळी नवी नव्हती. हे एकट्या ताईला माहीत होतं.

तेव्हापासून ती तोंडाला कुलूप लावून बसली होती. बाबांच्या पायामुळे सुतारकामाचा कारखाना तिच्याकडे आला. लोक तिला ताई मिस्त्री म्हणू लागले. लाकूड घेताना ती प्रत्येक फळी तीन-तीनदा उलटून बघायची. "मुलगी बघायला आल्यासारखी काय बघता हो?" असं वखारवाला चेष्टेने म्हणायचा. ती हसायची नाही.

ठरल्याप्रमाणे नट्या आला. बाबांशी तो कामापुरतं बोले आणि बाबाही कामापुरतंच उत्तर देत. दोन आठवडे तो इंजिनात डोकं घालून होता. त्याच्या हातातल्या बॅटरीचा उजेड जरा मागच्या बाजूला सरकला की ताई हातात चहा घेऊन हजर व्हायची. तो हसून म्हणायचाही, "ताई, एवढा चहा पाजलास तर माझंच इंजिन बसेल." मोडलेल्या फळीवर तिने अपघाताच्याच वर्षी पत्रा ठोकला होता आणि वर ताडपत्री ओढली होती. पण पत्रा वरून होता. खालून सगळं उघडंच होतं.

शुक्रवारी इंजिन सुरू झालं. नट्याने नवी टाकी बसवली, पेट्रोल भरलं आणि सांगितलं, "सोमवारी येतो. हौद्याला हात लावू नकोस. एकाने वरून बोल्ट धरायचा, दुसऱ्याने खालून नट फिरवायचा. एकट्याचं काम नाही ते."

शनिवारी सकाळीच ताई हौद्यात चढली. आजच्या आज ती फळी निघाली पाहिजे, तुकडे होऊन भट्टीत गेली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पत्रा निघाला, पण पहिल्याच बोल्टला घोडं अडलं. वरून बोल्ट फिरवला की खालचा नटही त्याच्याबरोबर फिरे. पकड लावून पाहिली, छिन्नीने ठोकून पाहिलं. तासाभरात तिच्या नाकी नऊ आले. मग तिने ग्राइंडर आणला. बोल्टची डोकीच कापायची!

पहिलं डोकं कापलं, तशा ठिणग्या फटीतून खाली सांडल्या. दुसऱ्याला पातं टेकवलं आणि ग्राइंडर एकदम बंद पडला.

विसरलेला पान्हा न्यायला आलेला नट्या कारखान्याच्या दारात उभा होता. त्याच्या हातात उपटलेला प्लग होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"खाली टाकी आहे, ताई! काल काठोकाठ भरलीय मी! घर पेटवायचं होतं का?"

ताईने ग्राइंडर बाजूला ठेवला. ती हौद्यात खाली बसली. आवाज ऐकून बाबा बाहेर आले, आई स्वयंपाकघराच्या खिडकीत आली.

"एवढी कसली घाई होती?" नट्याने विचारलं. ती छिन्नी, पकड गोळा करू लागली. मग त्याने आधी टाकी उतरवली, कारखान्याबाहेर लांब नेऊन ठेवली आणि गाडीखाली शिरला. "आलोच आहे तर आजच उरकू. वरून पकडीने धर. मी सांगेन तेव्हा सोड."

नाही कसं म्हणणार? तिने धरलं.

डावीकडून पहिली पट्टी सुटायला अर्धा तास लागला. बाबा दारापाशी स्टुलावर बसून त्या पट्टीचा गंज घासू लागले. ताई गुडघ्यांवर होती. फळ्यांच्या फटींतून खालच्या बॅटरीचा उजेड वर येई. नट सुटला की तो उजेड वीतभर मागे सरके. नट्या खालून बोलत होता, वर्षानुवर्षांचं साठलेलं बोलत होता. गॅरेजमधली गिऱ्हाइकं, बायकोचं घोरणं, घरमालकाची कुत्री. ताई "हं, हं" करत होती आणि तो उजेड बघत होती. दुसरी पट्टी सुरू झाली. या पट्टीला लागूनच तिसरी फळी होती. पुढचे तीन बोल्ट झाले, चौथा झाला. पाचवा ऐन मोडलेल्या जागेशी होता.

"इथे नटावर चिखल घट्ट बसलाय, थांब," नट्या म्हणाला. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्याचा आवाज आला. मग काहीतरी भसकन खाली पडलं आणि तो शिंकला.

"हे काय पडलं तोंडावर?"

ताईने पकड आणखी घट्ट धरली.

"लाकूड नाहीये हे. सरसाने चिकटवलेला भुसा आहे. वरून हिरवा रंग." उजेड स्थिर झाला. नखाने टोकरल्याचा आवाज आला. "ताई, ही फळी कुजलेली आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुजलीय. बाबा तर म्हणाले होते नवी टाकली."

दारापाशी घासण्याचा आवाज थांबला.

"वखारवाल्याने फसवलं असणार," नट्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम चढला, पोरासारखा झाला. "कुजकं लाकूड लिंपून, रंगवून विकलं त्याने! बाबा, ऐकताय ना? माझी चूक नव्हती! फळीच कुजकी होती!"

वाट आयती समोर आली होती. हो म्हणायचं, बस्स. तेव्हाचा तो वखारवाला केव्हाच धंदा बंद करून दुसरीकडे गेला होता. नट्या सुटला असता, बाबा सुटले असते आणि तीही सुटली असती. ताईने तोंड उघडलं, ते "हो" म्हणायलाच. पण खालून नट्या हसत होता. एवढा मोकळा हसताना तिने त्याला अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्या हसण्यावर आणखी एक खोटं ठेवणं तिला जमेना.

"वखारवाल्याने नाही," ती म्हणाली. "मी लिंपली."

हसणं थांबलं.

"बाबांनी शनिवारी फळी बदलायला सांगितली होती. टोचा लावला तर मुठीपर्यंत आत गेला. मी भुसा आणि सरस भरला, वर रंग दिला. बाबांनी विचारलं, बदललीस का? मी हो म्हणाले."

"का?" हा प्रश्न बाबांचा होता.

"मैत्रिणींबरोबर तळ्यावर जायचं होतं. वाटलं, सोमवारी बदलू."

कारण बोलून दाखवल्यावर आणखीच लहान वाटलं. नट्या गाडीखालून बाहेर आला. त्याच्या भुवयांवर भुसा होता. तो ताईकडे बघत होता, पण ओळख पटत नसल्यासारखा.

"मी अजून स्वप्नात त्या गतिरोधकावर ब्रेक दाबतो," तो म्हणाला. "रोज. बायको उठवते. मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी हाणली असेल. आणि तू मला चहा पाजत होतीस?"

"नट्या..."

"नको. आत्ता एक शब्द नको."

बाबा उठले. काठी न घेताच दोन पावलं आले आणि हौद्याच्या कडेला धरून उभे राहिले. त्यांनी मोडक्या फळीत अंगठा दाबला. अंगठा आत गेला. ते ताईकडे वळले नाहीत. मुलाकडेच बघत म्हणाले, "ती खोटं बोलली. पण तू खरं बोलत होतास, ते मी ऐकलं नाही. ते माझं पाप. ते तिच्या खात्यावर टाकू नकोस."

नट्याने पान्हा जमिनीवर ठेवला आणि तो निघून गेला. आईने खिडकीतून हाक मारली, तरी वळला नाही.

रविवार, सोमवार, मंगळवार. घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. आईने ताईला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. ताई कारखान्यात काम करत राहिली. करण्यासारखं तेवढंच होतं. पक्क्या लाकडाच्या सात फळ्या तिने रंधल्या, कडांना खाचा पाडल्या, दोन्ही अंगांनी तेल पाजलं. वरून जेवढं, तेवढंच खालून. उरलेल्या जुन्या फळ्या मात्र जागच्या हलेनात.

बुधवारी दुपारी नट्या आला. कोणाशी न बोलता गाडीखाली गेला. "धर," एवढंच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत जुना तळ निघाला. दुसऱ्या दिवशी नवा बसू लागला. बोल्टमागून बोल्ट आवळले जात होते. "धर", "सोड", "धर", "सोड", एवढीच भाषा. तिसऱ्या फळीचे बोल्ट आले तेव्हा खालचा पान्हा थांबला.

"तळ्यावर मजा आली होती का गं?" अचानक त्याने विचारलं.

"नाही रे. डास फार होते."

खालून एक आवाज आला. हसला की खोकला, तिला कळलं नाही. मग पान्हा पुन्हा फिरू लागला.

शुक्रवारी टाकी परत बसली. नट्याने गाडी बाहेर काढली, खाली उतरून दार उघडलं आणि बाबांना काखेत धरून पुढच्या सीटवर चढवलं. मग तो स्वतः चालवायला बसला. बाबांनी सगळ्यांसमोर त्याचा हात धरला आणि सोडला नाही. शेवटी तोच म्हणाला, "बाबा, गिअर टाकायचाय." तेव्हा आई पहिल्यांदा हसली.

ताई दारात उभी होती. नट्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. जमेल की नाही, मलाच माहीत नाही."

"बरं."

"लाकूड बसलं की बोल्ट ढिले पडतात. दर रविवारी बघावे लागतील. एकटीने ग्राइंडर घेऊन वर चढू नकोस."

पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी आला नाही. ताईने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, फोन मात्र केला नाही. चौथ्या रविवारी आला, तो बायकोला घेऊन. ताईने दार उघडलं तर ती नट्याच्या आडून पुढे होत म्हणाली, "तुम्हीच ना त्या? आत येऊ का, की इथूनच भांडायचं?"

"आत या," ताई म्हणाली. "भांडण बसून होऊ दे."